दार वर की पुढे?

अमेरिकेतलं पहिलं घरगुती स्वयंचलित वॉशिंग मशीन पुढून उघडत होतं. १९३७ साली बेंडिक्स कंपनीने ते लोकांपुढे आणलं. गोल काचेचं दार, आडव्या आसावर फिरणारा ड्रम, आपोआप पाणी भरणार, धुणार, खळबळून काढणार आणि पिळणारही. आज दुकानातला विक्रेता ज्याला हटकून 'युरोपियन पद्धतीचं' म्हणतो, तेच हे. मात्र पुढची पन्नासेक वर्षं अमेरिकेच्या घराघरांत जे यंत्र नांदलं ते वरून उघडणारं होतं, मधोमध पंख्यांचा उभा खांब असलेलं. युरोपात बरोबर उलट झालं. तिथे पुढून उघडणारं मशीन रुजलं आणि वरचं दार जवळजवळ हद्दपार झालं. जपानने तिसराच रस्ता धरला आणि आपण त्या जपानी रस्त्यावरून आत आलो.

याची कारणं विचारली की लोक चटकन स्वभावावर येतात. जर्मन माणूस शिस्तीचा, म्हणून त्याला अडीच तासांचा कार्यक्रम चालतो. अमेरिकन घाईचा, त्याला अर्ध्या तासात कपडे हवेत. जपानी नाजूक, भारतीय चिकट. गप्पांना हे ठीक आहे. पण स्वभावच कारण असता, तर बेंडिक्सचं मशीन अमेरिकेत जन्मालाच आलं नसतं. स्वभावाकडे वळण्याआधी मशीनच्या मागची भिंत बघावी. तिच्यातून कसलं पाणी येतं, किती दाबाने येतं, विजेचा प्लग किती ताकदीचा आहे आणि मुळात मशीन घराच्या कोणत्या खोलीत उभं आहे, यावर बरंच काही ठरलेलं असतं.

आधी जर्मनी. आपल्याकडे परीट सोडा घालून कपड्यांना भट्टी देत असत. उत्तर आणि मध्य युरोपात हीच भट्टी घरोघरी होती. मोठ्या तांब्याच्या हंड्यात पांढरे कपडे चक्क उकळायचे. १९०७ साली हेंकेल कंपनीने पर्सिल नावाची पावडर काढली आणि या उकळण्याला रसायनशास्त्राचा पाठिंबा मिळाला. पर्सिलमध्ये साबणाबरोबर परबोरेट होतं. हे परबोरेट गरम पाण्यात ऑक्सिजन सोडतं आणि कपडा उन्हात न टाकताही पांढरा होतो. अट एवढीच की पाणी खरोखर कढत हवं. साठ अंशांच्या खाली परबोरेट आळशासारखं पडून राहतं. म्हणजे बाईने हंडा सोडून यंत्र घ्यायचं, तर यंत्रालाही पाणी उकळता आलं पाहिजे. नळातून येणाऱ्या गरम पाण्याने भागणार नव्हतं, कारण नव्वद अंशांचं पाणी कोणाच्याच नळाला येत नाही. हीटर मशीनच्या पोटातच हवा.

आता थोडं गणित करू. उभ्या टबात कपडे पाण्यात पोहायला लागतात, म्हणून टब भरावा लागतो. धुण्याच्या एका फेरीला साठ लिटर पाणी धरा. ते वीस अंशांवरून नव्वदवर न्यायला जवळपास पाच युनिट वीज लागते. आडव्या ड्रममध्ये पाणी तळाशी असलं तरी चालतं, कारण ड्रम कपड्यांना वर नेऊन पुन्हा पाण्यात आपटतो. आपण धोपटतो तसंच हे, फक्त दगडाशिवाय. तिथे पंधरा लिटर पुरतात आणि वीज सव्वा युनिट. ज्याला पाणी उकळायचं आहे त्याला आडव्या ड्रमवाचून गत्यंतर नाही. आणि ड्रम आडवा असला की दार पुढे ठेवणं सोपं जातं.

सोपं जातं म्हटलं, कारण ते सक्तीचं नाही. फ्रान्समध्ये जेमतेम चाळीस सेंटिमीटर रुंदीची यंत्रं अजून विकली जातात. त्यांचं झाकण वर उघडतं, आत दुसरं झाकण ड्रमच्या अंगाला असतं, आणि ड्रम मात्र आडवाच फिरतो. पॅरिसच्या जुन्या इमारतींतल्या चिंचोळ्या न्हाणीघरात पुढचं दार उघडायलाच जागा नसते, म्हणून ही तोड. तेव्हा 'टॉप लोड की फ्रंट लोड' हा आपला दुकानातला प्रश्न जरा फसवा आहे. खरा प्रश्न ड्रम उभा की आडवा, हा.

विजेचंही पाहायला हवं. एडिसनने ११० व्होल्टच्या आसपासचा दाब धरला आणि अमेरिका त्याच्याच आसपास राहिली, आज १२०. बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ साली ग्राहकांना २२० व्होल्टवर नेलं, कारण त्याच तारांतून जास्त वीज पोचवता येत होती. कपड्यांचा विचार तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसावा. पण त्याचा परिणाम धुण्यापर्यंत पोचला. अमेरिकन घरातल्या साध्या १५ अँपियरच्या प्लगमधून फार तर अठराशे वॉट मिळतात. त्यावर साठ लिटर पाणी उकळायला बसलात तर पावणेतीन तास नुसते तापवण्यातच जातील. जर्मन प्लगवर दोन किलोवॉटचा हीटर निवांत चालतो आणि पंधरा लिटरना चाळीस मिनिटंही पुरी लागत नाहीत.

अमेरिकन बाईला मात्र याची गरजच नव्हती. तिच्या तळघरात गॅसवर तापणारी पाण्याची मोठी टाकी होती. मशीन त्या टाकीच्या शेजारीच उभं राहायचं, एक नळी गरम आणि एक थंड. जागा भरपूर, पाणी भरपूर. जुनं अमेरिकन मशीन एका धुण्याला दीडशे लिटरच्या घरात पाणी घेई आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. शिवाय तिथल्या कारखान्यांचा हात आधीच उभ्या टबावर बसलेला होता. आयोवातल्या न्यूटन गावची मेटॅग कंपनी मुळात मळणीयंत्रांचे भाग करायची. तो धंदा हंगामी, म्हणून १९०७ साली तिने धुण्याचं यंत्र काढलं. पुढे १९२२ मध्ये तिने टबाच्या तळाशी पंख्यांचा खांब बसवला आणि कपड्यांऐवजी पाणी घुसळायला सुरुवात केली. शेतकऱ्यांसाठी पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी यंत्रंही तिने काढली होती. तिशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती, हे लक्षात घेतलं की ते इंजिन विचित्र वाटत नाही. (जर्मनीतल्या मीलेचंही मूळ गोठ्यातच आहे. साय काढायची यंत्रं, मग लोणी घुसळायचं पिंप, आणि त्या पिंपाचंच पुढे धुण्याचं यंत्र झालं. घुसळणं आणि धुणं यांची सोयरीक जुनी आहे. पंजाबातल्या ढाब्यांवर वॉशिंग मशीनमध्ये लस्सी घुसळतात या बातमीला आपण हसतो, पण ते यंत्र फक्त माहेरी गेलेलं असतं.)

मग बेंडिक्सचं काय झालं? त्या पहिल्या यंत्रात ड्रमला हेलकावे सोसणारी व्यवस्था नव्हती. पिळायला लागलं की अख्खं यंत्र चालायला लागे, म्हणून ते जमिनीला बोल्टांनी आवळावं लागत असे. साबणाच्या फेसाने आडवा ड्रम बेजार होई, त्यासाठी कमी फेसाची वेगळी पावडर काढावी लागली. १९४७ मध्ये व्हर्लपूल आणि जनरल इलेक्ट्रिक यांची वरून उघडणारी स्वयंचलित यंत्रं आली. ती जमिनीला ठोकावी लागत नव्हती, मध्येच झाकण उघडून राहिलेला मोजा टाकता येत होता, आणि तो पंख्यांचा खांब बायकांच्या ओळखीचा होता. वेस्टिंगहाउसने पुढून उघडणारी यंत्रं चालू ठेवली, तरी घरचा बाजार वरच्या दाराकडे गेला तो गेलाच. गंमत म्हणजे १९५१ साली जर्मनीत कॉन्स्ट्रुक्टा नावाचं तिथलं पहिलं पूर्ण स्वयंचलित यंत्र आलं, तेही जमिनीला ठोकावंच लागत होतं. जर्मनांनी ते ठोकलं. कारण त्याच्या पोटात हीटर होता, आणि तळघरातला हंडा त्याने खरोखर निवृत्त केला.

इंग्लंडची गोष्ट मला यात सगळ्यात रंजक वाटते, कारण आपल्या घरातल्या यंत्राचं मूळ तिथे सापडतं. वेल्समध्ये मर्थर टिडफिल नावाचं गाव आहे, लोखंडाच्या भट्ट्यांचं आणि कोळशाचं, युद्धाआधीच्या मंदीत पार खचलेलं. ऑक्टोबर १९४८ मध्ये हूवर कंपनीने तिथे वॉशिंग मशीनचा कारखाना उघडला. ते यंत्र चौकोनी, लहान, स्वयंपाकघरात ओढून आणायचं. पंख्यांचा खांब नाही. टबाच्या बाजूच्या भिंतीत एक चकती गरगर फिरे आणि पाण्याला जोराचा भोवरा देई. पिळायला वर हाताने फिरवायचे दोन रूळ. स्वस्त आणि झटपट. पुढे त्याला शेजारी पिळायचा दुसरा टब जोडला गेला आणि 'ट्विन टब' झालं. ब्रिटिश बाई सोमवारी सकाळी ते सिंकपाशी ओढायची, नळाला रबरी नळी लावायची, आधी पांढरे, मग त्याच पाण्यात रंगीत, शेवटी नवऱ्याचे कामाचे कपडे. हे वर्णन वाचताना डोळ्यांपुढे वेल्स येत नाही, सदाशिव पेठ येते.

हूवरचं हे यंत्र जपानमध्ये पोचलं. सान्यो कंपनीचे संस्थापक तोशिओ इउए यांनी त्याचाच नमुना पुढे ठेवून १९५३ साली एसडब्ल्यू-५३ हे यंत्र काढलं. किंमत २८,५०० येन. त्याआधीची पंख्यांच्या खांबाची अमेरिकन धाटणीची यंत्रं याहून कितीतरी महाग होती. काही वर्षांतच वॉशिंग मशीन, फ्रिज आणि कृष्णधवल टीव्ही यांना जपानी लोक गमतीने राजघराण्याच्या तीन पवित्र चिन्हांचं नाव देऊ लागले. मर्थर टिडफिलची ती चकती जपानच्या परिस्थितीत नेमकी बसली. तिथलं पाणी बहुतेक ठिकाणी मृदू, साबण थंड पाण्यातही चांगला चालतो. पाणी उकळायची परंपरा नाही. वीज १०० व्होल्टची, म्हणजे पोटात हीटर घालणं अमेरिकेहूनही अवघड. घरं छोटी. आणि एक गोष्ट जपानपाशीच होती, ती म्हणजे अंघोळीचं पाणी. तिथे अंग आधी बाहेर धुऊन मग गरम पाण्याच्या टबात बसायचं, आणि एकाच टबात घरातली सगळी माणसं एकामागून एक बसणार. शेवटच्या माणसानंतरही पाणी कोमट आणि बरंच स्वच्छ असतं. ते धुण्याला वापरायचं. आजही अनेक जपानी यंत्रांत ते पाणी ओढून घ्यायचा छोटा पंप असतो. जर्मन अभियंत्याला असला पंप बसवायचं सुचायचं कारणच नाही.

१९८३ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये थिओडोर लेव्हिट यांचा बाजारपेठांच्या जागतिकीकरणावरचा लेख आला. जगात सगळ्यांना एकच स्वस्त, चांगली वस्तू हवी असते, देशोदेशीच्या आवडीनिवडी जपत बसणाऱ्या कंपन्या मरतील, असं त्यांचं प्रतिपादन. त्यात त्यांनी उदाहरण घेतलं ते हूवरच्या वॉशिंग मशीनचं. हूवरने युरोपातल्या गिऱ्हाइकांना तुम्हाला कसं यंत्र हवं, असं विचारलं होतं. ब्रिटिशांना वरून उघडणारं, मिनिटाला ७०० फेऱ्यांनी पिळणारं, हीटर नसलेलं. इटालियनांना पुढून उघडणारं, हीटरचं, पण ४०० फेरे पुरे. जर्मनांना ८५० फेरे, हीटर हवाच, ड्रम मोठा आणि दिसायला अभेद्य. लेव्हिट म्हणतात, हूवरने हे सगळं मनावर घेऊन प्रत्येकासाठी वेगळं यंत्र करायचा खटाटोप केला, आणि तोवर इटालियन कंपन्यांनी साधी स्वस्त स्वयंचलित यंत्रं सगळीकडे विकली. लोक सांगतात एक आणि घेतात दुसरंच.

या तक्त्यात लेव्हिटना लहरी दिसल्या. मला त्यात हवामान आणि नळ दिसतात. इटालियन बाईच्या गच्चीवर ऊन आहे, तिला कपडे कडकडीत पिळून काय करायचे? जर्मन बाई नोव्हेंबरात घरातच दोरी बांधते, तिला ८५० फेरे लागणारच. ब्रिटिश घरात गरम पाणी स्वतंत्र तापतं, म्हणून हीटर नको. ही आवड नव्हती, घराची मोजमापं होती. तरीही ब्रिटनपुरते लेव्हिट बरोबर ठरले, हेही मान्य केलं पाहिजे. ट्विन टब तिथून गेला आणि ओट्याखाली बसणारी साठ सेंटिमीटर रुंदीची, पुढून उघडणारी यंत्रं आली. फक्त स्वस्ताईने हे झालं असं मला वाटत नाही. ट्विन टबला शेजारी उभा राहणारा माणूस लागतो. धुतलेले कपडे चिमट्याने उचलून पिळायच्या टबात टाकायचे, पाणी बदलायचं, पुन्हा टाकायचे. सोमवारची अख्खी सकाळ. बायका नोकरीला जाऊ लागल्या आणि ही सकाळच संपली.

योगायोगाने त्याच १९८३ साली रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकाराचं 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक आलं. पूर्वी मध्यमवर्गीय घरांतलं बरंचसं धुणं बाहेर लाँड्रीत किंवा धुणाऱ्या बाईकडे जायचं, यंत्राने ते परत घरात आणलं आणि बाईच्या डोक्यावर ठेवलं. कपडे रोज बदलायची सवय लागली, ढीग वाढले, वाचलेले तास त्यातच गेले. लेव्हिट आणि कोवन एकाच यंत्राकडे बघत होते. दोघांपैकी कोवन यांनी ते चालवतं कोण, हे विचारलं.

तो प्रश्न घेऊन आपल्याकडे यायला हवं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने वॉशिंग मशीन भारतीय मध्यमवर्गाच्या घरात आणलं, तंत्र जपानी. बीपीएलची यंत्रं तर थेट सान्योचं नाव लावून येत. म्हणजे वेल्समधून निघालेली चकती जपानमार्गे मराठवाड्याच्या वळणाने आपल्या मोरीत आली, आणि ब्रिटनमध्ये ती ज्या सुमारास अडगळीत गेली त्याच सुमारास इथे नवी नवरी म्हणून मिरवू लागली. जर्मन फांदीही आली. कोलकात्याच्या आयएफबीने बॉश-सीमेन्सच्या सहकार्याने पुढून उघडणारी यंत्रं गोव्यात बनवायला घेतली. पण बाजार बराच काळ सेमी-ऑटोमॅटिकचाच राहिला, आणि ते फक्त किमतीमुळे नव्हे. नळाला सकाळी तासभर पाणी येणार, तेही बारीक धारेने. पुढून उघडणारं यंत्र पाण्याची वाट बघत थांबतं आणि शेवटी चूक दाखवतं. सेमीमध्ये पिंपातलं पाणी बादलीने ओतता येतं. साबणाचं पाणी फेकायचं नाही. पांढऱ्यांनंतर रंगीत, त्यानंतर पायपुसणी, आणि उरलेलं संडासात. वीज गेली तर आली की चावी पुन्हा फिरवायची. चाकांवरून ते मोरीत ढकलता येतं, तर आडव्या ड्रमच्या यंत्राच्या पोटात डगमगू नये म्हणून काँक्रीटचा ठोकळा असतो. फेसाचीही गोष्ट आहेच. निरमाच्या जमान्यात वाढलेल्या आपल्याला फेस दिसला नाही तर कपडा धुतला गेला असं वाटत नाही, आणि आडव्या ड्रमला नेमका फेसच नको असतो.

या यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं कारण जाहिरातीत कधी येत नाही. सेमीला माणूस लागतो आणि तो माणूस आपल्याकडे स्वस्त आहे. ब्रिटनमध्ये ज्या कारणाने ट्विन टब मेला, ते कारण इथे लागू झालं नाही, कारण यंत्रापाशी उभी राहणारी बाई घरची नसली तर धुणंभांड्याची होती. झाकणावर कॉलर घासायला खरखरीत पट्टी देणारं यंत्र हा आपल्या बाजाराचा खास दागिना. हात लागणारच आहेत हे त्यात आधीच गृहीत धरलेलं असतं. कित्येक घरांत आजही बाई आधी कॉलर-बाह्या घासते, मग यंत्र लावते, मग पिळायच्या टबात टाकते आणि वाळत घालते. पगार मात्र कमी, कारण 'आता मशीन आहे ना'. पुढचं दार घरात आलं, तेव्हा ते बरेचदा पाण्याची टाकी आणि लिफ्ट असलेल्या नव्या सोसायटीबरोबर आलं, किंवा धुण्याला बाई मिळेनाशी झाली तेव्हा.

अमेरिकेतही भिंतीमागचं गणित बदललं. १९९७ साली कॅन्सस राज्यातल्या बर्न नावाच्या, दोनेकशे वस्तीच्या आणि पाण्याची ओढ असलेल्या गावात सरकारी प्रयोगशाळेने शंभराहून अधिक घरांतली यंत्रं बदलून आडव्या ड्रमची दिली आणि मोजणी केली. पाणी ३८ टक्के वाचलं, ऊर्जा ५८ टक्के. त्यानंतर पुढची दारं अमेरिकन दुकानांत पुन्हा दिसू लागली, बेंडिक्सनंतर साठ वर्षांनी. त्यांच्याबरोबर रबराच्या कडेला बुरशी धरल्याच्या तक्रारीही आल्या, कारण पाणी कोमट आणि दार बंद. नव्वद अंशांच्या भट्टीत बुरशीची बिशाद नव्हती. युरोपात मात्र भट्टी स्वतःच थंडावत होती. सत्तरच्या दशकाअखेर पावडरीत असं रसायन आलं की परबोरेट कमी तापमानालाही काम करू लागलं. ज्या उकळण्यासाठी तो आडवा ड्रम आला, ते उकळणं आता क्वचितच होतं. ड्रम तसाच राहिला.

मर्थर टिडफिलचा कारखाना मार्च २००९ मध्ये बंद पडला. तोवर युरोपातलं हूवर इटलीच्या कँडीने विकत घेतलेलं होतं, म्हणजे लेव्हिटच्या गोष्टीतल्या स्वस्त इटालियनांपैकीच एकाने. सान्योचा वॉशिंग मशीनचा धंदा २०११-१२ च्या सुमारास चीनच्या हायरकडे गेला, २०१६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा घरगुती उपकरणांचा व्यवसायही, आणि २०१९ मध्ये कँडी, तिच्याबरोबर हूवर. पुण्याजवळ रांजणगावात हायरचा कारखाना आहे. आज ही एकच कंपनी अमेरिकेत उभ्या टबाची, युरोपात ओट्याखाली मावणारी आडव्या ड्रमची, आणि भारतात बादलीने पाणी ओतता येईल अशी दोन टबांची यंत्रं विकते.